खेकडे हुकमानं येत नाहीत

हॅगन्स लँडिंग
२६ ऑगस्ट २००२

प्रिय आयनार,

तुझा फोन मेलाय की तू? आठवडाभर लावतेय, पलीकडून ती यंत्रातली बाई एकच पालुपद आळवते. तू मेला असतास तर मला कुणीतरी कळवलं असतं, या हिशेबानं हे पत्र लिहितेय.

बातमी अशी की तुझी बहीण त्रेसष्टाव्या वर्षी राजकारणात पडली. हसू नकोस. वसंतात आपल्या विधानसभेनं बेकारी विम्याच्या कराचा जो कायदा केला, तो आम्ही मालक लोकांनी सह्या गोळा करून अडवला. आता तो प्रश्न नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर आलाय. लोकांनी 'हो' म्हटलं तर कायदा राहील, 'नाही' म्हटलं तर गाडला जाईल. मी फावडं घेऊन उभी आहे.

तुला पगारदाराला हे कळायचं नाही, म्हणून सांगते. काम संपलं आणि माणूस घरी बसला की त्याला सरकार भत्ता देतं. तो ज्या निधीतून देतं त्यात पैसे भरतो आम्ही मालक. ज्याची माणसं जास्त वेळा घरी बसतात त्यानं जास्त भरायचं. ठीक आहे. तुझा मेहुणा लायल जिवंत होता तेव्हापासून आम्ही सगळ्यांत वरच्या दरानं भरतोय, कधी हूं की चूं केलं नाही. आता म्हणतात, त्या दराच्याही वर अधिभार द्या, कारण तुम्ही दर वर्षी माणसं कमी करता. अरे, खेकडे काय माझ्या हुकमानं येतात? समुद्र डिसेंबरात देईल तेव्हा देईल. शरदात माझ्या शेडमधली टेबलं कोरडी पडतात, तेव्हा खेकडे सोलणाऱ्या बायकांना काय रिकामी कवचं फोडायला बसवू? आणि गंमत अशी, की माझ्याकडून, सफरचंदवाल्यांकडून, छपरं घालणाऱ्यांकडून हे उकळायचं आणि तुझ्या त्या विमानांच्या कारखान्याचा भार हलका करायचा. डोंगराला सूट आणि पत्र्याच्या शेडला दंड!

हेच मी बंदरावरच्या सभेत बोलले, तर लोक बाकं बडवायला लागले. आता मला गावोगाव बोलावतात. तुझ्या साहेबांना सांग, थोरा ऑस्टबी येतेय म्हणावं.

तुझी
थोरा


एव्हरेट
८ सप्टेंबर २००२

आदरणीय कारखानदारीणबाई,

जिवंत आहे. फोन मीच काढून टाकला. दिवसभर कुणी ना कुणी काहीतरी विकत असतं, डोकं उठतं. पत्र बरं. पत्रात तू मध्येच तोडून बोलू शकत नाहीस.

आता तू माझं ऐक. तुझा दर सगळ्यांत वरचा, हे खरं. पण तुझ्या बायका दर वर्षी जेवढा भत्ता घेतात तेवढे पैसे तू भरतेस का? नाही भरत. उरलेले कोण भरतं? आमच्या कोपऱ्यावर एक बेकरीवाला आहे, मेरिक. त्यानं दुकान काढल्यापासून एकालाही घरी बसवलेलं नाही. तुझ्या खेकड्यांची सुट्टी तो भरतो. त्याच्या पावाला समुद्राची भरती-ओहोटी नाही, एवढाच त्याचा गुन्हा. आमची युनियनही म्हणते, 'हो' म्हणा, नाहीतर ज्या वर्षी खरी गरज पडेल त्या वर्षी निधीच्या तळाला खडखडाट असेल.

तेव्हा बहिणाबाई, मी 'हो' म्हणणार. तू फावडं घेऊन ये, मी खड्ड्यात उभा राहतो.

बाकी ठीक. कामाच्या वेळा सध्या बऱ्या आहेत, घराकडे बघायला सवड मिळते. बोट विकली. गुडघे कुरकुरतात, आता लाटांचे धक्के सोसत नाहीत.

आयनार


हॅगन्स लँडिंग
२० सप्टेंबर २००२

प्रिय आयनार,

बोट विकलीस? गुडघ्यांसाठी? बाबांनी साठी उलटल्यावर त्याच बोटीत दोन मोटरी बदलल्या होत्या. शहरात राहून मऊ पडलास, बारक्या.

तुझ्या मेरिकला माझा नमस्कार सांग आणि विचार, की त्याच्या पावावर घालायला खेकडा कुठून येतो.

आमचं जोरात चाललंय. राजधानीहून व्हिटलॉक नावाचा एक माणूस प्रचार सांभाळायला पाठवलाय. तरुण आहे, बूट चकाचक, आमच्या धक्क्यावर दोनदा घसरला. पण डोकं तल्लख. त्यानं माझ्याकडून रेडिओसाठी एक जाहिरात बोलून घेतली. 'मी थोरा ऑस्टबी. मी पहाटे उठते, म्हणजे दुसऱ्या कुणाला दुपारपर्यंत लोळता येतं.' झकास आहे ना? वाक्य त्याचं, आवाज माझा.

त्यानं आम्हाला आणखी एक शहाणपण शिकवलं. आपला दर आपल्या माणसांनी घेतलेल्या भत्त्यावरून ठरतो, तर जिथं जमेल तिथं हरकत घ्या. मी पण एक घेतली. आमची बोफा, कंबोडियाची, लायलच्या वेळेपासूनची, तुला आठवत असेल. तिच्याइतका झरझर गर काढणारं कुणी नाही. परवा कोळंबीची एक बोट अवचित आली. मी पहाटे बोफाला फोन केला, की लगेच ये, चार तासांचं काम आहे. तर म्हणाली, आज जमणार नाही. बस्स! मी भत्त्याच्या कचेरीला कळवून टाकलं, की काम देऊ केलं होतं, नाकारलं. तिचा भत्ता थांबला. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण नियम म्हणजे नियम. मला कुणी सूट देतं का?

तुझी
थोरा


एव्हरेट
२५ सप्टेंबर २००२

थोरा,

तुझी जाहिरात मी मेरिकच्या बेकरीत ऐकली. दुकान भरलेलं होतं. 'दुसऱ्या कुणाला दुपारपर्यंत लोळता येतं' म्हणालीस आणि सगळे हसले. मेरिक हसला नाही, कारण त्याला ठाऊक आहे. तो मला आदल्या दिवसाचा पाव निम्म्या किमतीत देतो.

तो लोळणारा मी आहे. गेल्या ख्रिसमसच्या आधीच मला कारखान्यातून काढलं. न्यूयॉर्कचे मनोरे पडले, लोक विमानात बसेनासे झाले, विमानांच्या मागण्या आटल्या. आमच्या अख्ख्या ओळीला एका सकाळी कामावरून काढल्याची पाकिटं वाटली. तेहतीस वर्षं मी पंखांचे सांधे जुळवले. फोन विकणाऱ्यांसाठी नाही काढला, बिल परवडत नाही म्हणून काढला. बोट गुडघ्यांमुळे नाही विकली. घराच्या हप्त्यापायी विकली.

तुला सांगितलं नाही, कारण तू मला बारक्या म्हणतेस. अजूनही.

मी दर आठवड्याला भत्ता घेतो. नाक घासत नाही, मान खाली घालत नाही. विम्याचे पैसे आहेत, भीक नाही. आणि तू त्या बाईचा घास काढून घेतलास आणि मला पत्रात मिरवून सांगितलंस. आज जमणार नाही म्हणाली, का ते विचारलंस तिला?

आयनार


हॅगन्स लँडिंग
३० सप्टेंबर २००२

आयनार,

तुझं पत्र उभ्यानंच वाचलं. मग राग आला. मग आणखी राग आला. जवळजवळ वर्ष झालं आणि सख्ख्या बहिणीला पत्ता नाही! ख्रिसमसला तू इथे येऊन माझ्या हातचा कॉड मासा खाल्लास, कारखान्याचे विनोद सांगितलेस, आणि नोकरी तेव्हा गेलेलीच होती? लोळणारा मी तुला नाही म्हटलं. मला ठाऊक असतं तर...

मला ठाऊक नव्हतं, हा माझा गुन्हा आहे का?

सोबत चेक आहे. फोन आधी चालू कर. आणि इथं ये. मला बॉयलर सांभाळायला माणूस हवाच आहे, आमच्या बॉयलरवाल्या व्हिन्सला आता दिसत नाही. वरची खोली मोकळी आहे. बोफाचं मी बघून घेईन, धंदा कसा चालवायचा ते मला शिकवू नकोस.

थोरा


एव्हरेट
७ ऑक्टोबर २००२

थोरा,

चेकचे चार तुकडे सोबत परत. टपालखर्च माझा.

तुझ्याकडे नोकरी केली तर खेकडे संपल्यावर मलाही घरी बसवशील, आणि एखाद्या पहाटे फोन उचलला नाही तर माझ्यावरही हरकत घेशील. बॉयलर व्हिन्सलाच सांभाळू दे. न बघता सांभाळायची त्याला सवय झालीय.

मला तुझी दया नको. माझ्या प्रश्नाचं उत्तर हवंय. ती का आली नाही?

आयनार


हॅगन्स लँडिंग
२१ ऑक्टोबर २००२

प्रिय आयनार,

उत्तर आणलंय. नीट बसून वाच, लांबलंय.

तुझ्यावर चिडूनच मी बोफाकडे गेले. म्हटलं, विचारते आणि याच्या तोंडावर फेकते. ती अंगणात जाळी शिवत होती. वीस वर्षं मला नावानं हाक मारणारी बाई, त्या दिवशी म्हणाली, "या, मिसेस ऑस्टबी." खुर्ची दिली नाही.

मी म्हटलं, "त्या दिवशी का नाही आलीस?"

"आता विचारताय? कचेरीला लिहिण्याआधी नाही विचारलंत."

"आता विचारतेय."

"मुलाखत होती. म्हाताऱ्यांच्या आश्रमात, स्वयंपाकघरात. भत्ता हवा तर काम शोधत राहा, असा नियम आहे ना? मी शोधायला गेले. तुमचा फोन आला तेव्हा पायात बूट घालत होते."

मी म्हटलं, "मग, मिळालं का काम?"

"नाही. त्यांनी विचारलं, डिसेंबरात खेकडे सुरू झाले की तिकडे परत जाशील का? मी हो म्हटलं. मी खोटं बोलत नाही." मग सुई जाळीत खुपसली आणि माझ्याकडे बघितलं. "तुमच्यासाठी ती नोकरी घालवली, मिसेस ऑस्टबी. आणि तुम्ही लिहिलंत, हिला काम नको."

आयनार, लायल गेला तेव्हा मी रडले नव्हते. त्या अंगणातही नाही रडले. 

तिनं अपील केलं होतं. सुनावणी फोनवर झाली. न्यायाधीश कुठल्यातरी कचेरीत, ती तिच्या घरी, मी शेडच्या ऑफिसात. त्याआधी व्हिटलॉकचा फोन आला. "तुम्ही फक्त एवढंच म्हणा, की काम देऊ केलं होतं. ते खरंच आहे. पुढचं बोलू नका." मी न्यायाधीशाला पुढचंच सांगितलं. म्हटलं, मी लिहिलं ते खोटं नव्हतं, पण अर्धं होतं, आणि उरलेलं अर्धं विचारायची मी तसदी घेतली नाही. न्यायाधीशानं विचारलं, हरकत मागे घेता का? मी म्हटलं, घेते.  तिचा भत्ता चालू झाला, मागचाही मिळणार.

आता तू खूश होशील. होऊ नकोस. पुढे ऐक.

गेल्या गुरुवारी मच्छीमार सभागृहात मोठी सभा होती. व्हिटलॉकनं मला भाषण लिहून दिलं होतं, त्यात तो लोळणारा होताच. मी उभी राहिले, तर मागच्या रांगेत बोफा, आणि तिच्यासोबत माझ्या टेबलावरच्या पाच-सहा जणी. मी कागद घडी करून खिशात टाकला. म्हटलं, "रेडिओवर मी जे बोलले ते चूक होतं. माझा भाऊ घरी बसलाय आणि तो दुपारपर्यंत लोळत नाही. माझ्या टेबलावरच्या बायका घरी बसतात, कारण समुद्र बंद असतो. त्यांचा भत्ता त्यांच्या हक्काचा आहे. त्यावर जो बोट ठेवेल त्यानं आधी माझ्याशी बोलावं."

टाळ्या नाहीत. छपरंवाला गस हॅमरली ओरडला, "थोरा, तू कुणाच्या बाजूची?"

मी म्हटलं, "गस, तोंड मिट, मी अजून संपवलेलं नाही. कायदा तरीही वाईट आहे! हिवाळा पडतो म्हणून छपरंवाल्याला दंड आणि हजारोंना एका सकाळी हाकलणाऱ्याला सूट, असला न्याय मला मान्य नाही. मी 'नाही' म्हणणार. पण या बायकांच्या तोंडावर चिखल उडवून नाही म्हणणार."

तेव्हा बोफा उठली. म्हणाली, "मी 'हो' म्हणणार." आणि बसली.

 मग मागून कुणीतरी हसलं, मग गससुद्धा. व्हिटलॉक मात्र नाही. त्यानं दारातच मला सांगितलं, तुमची जाहिरात उद्यापासून बंद, तुम्हीही बंद. मी म्हटलं, "मला बंद करायला लायललाही कधी जमलं नाही, तू तर धक्क्यावर घसरतोस." आता मी माझ्या गाडीवर माझी पाटी लावून एकटीच फिरते.

तेव्हा ऐक. बोफाच्या बाबतीत तू बरोबर होतास. कायद्याच्या बाबतीत तू गाढव आहेस. दोन्ही गोष्टी मी एकाच शाईनं लिहितेय.

थोरा

ता. क. : यापुढे बारक्या म्हणणार नाही. प्रयत्न करीन.


एव्हरेट
९ नोव्हेंबर २००२

प्रिय थोरा,

राज्यानं तुझं ऐकलं. कायदा गाडला, आणि तोही मोठ्या फरकानं. मतदानाच्या रात्री मी युनियनच्या कार्यालयात होतो. आकडे आले, सगळे खुर्च्या आवरायला लागले.

मी हरलो म्हणून माझं मत बदललं असं समजू नकोस. निधीचा तळ दिसला की मेरिकसारख्यांच्या गळ्याशी येणार, आणि माझ्यासारख्यांच्याही. विधानसभा हे पुन्हा उकरून काढेल. काढलंच पाहिजे. तेव्हा मी पुन्हा 'हो' म्हणेन.

पण तुझं ते पत्र मी कार्यालयात मोठ्यानं वाचून दाखवलं. तुझी परवानगी घेतली नाही, घेणारही नव्हतो. 'त्यानं आधी माझ्याशी बोलावं' इथं आमचा सचिव म्हणाला, ही बाई आपल्या बाजूला का नाही? मी म्हटलं, ती कुणाच्याच बाजूला नसते, ती समोर असते.

नोकरीचं म्हणशील तर कारखान्याकडून बोलावणं नाही, आणि येईल असं आता मला वाटत नाही. सत्तावन्नाव्या वर्षी मुलाखतीला गेलं की समोरचं पोरगं आधी माझे केस बघतं. मी एकाला विचारलं, "केसांनी स्क्रू आवळायचा आहे का?" ती नोकरी मिळाली नाही. दुसरी मिळाली. शाळेची बस चालवायची. परवा परीक्षा पास झालो. पगार पूर्वीच्या निम्माही नाही, पण सकाळी चाळीस पोरं मला 'गुड मॉर्निंग, मिस्टर आयनार' म्हणतात, आणि माझी बस वेळेवर असते.

आयनार


हॅगन्स लँडिंग
१५ डिसेंबर २००२

प्रिय आयनार,

खेकडे आले! शेडमध्ये वाफेनं समोरचं माणूस दिसत नाही. बॉयलर व्हिन्सच बघतो, म्हणजे बघत नाही; पण चालतो.

पहिल्या सकाळी मी दार उघडलं तर सगळ्या बायका हातमोजे घालून बाहेरच उभ्या. आत येईनात. आत टोपल्या भरून खेकडे पाय हलवताहेत, आणि या बाहेर! बोफा पुढे आली.

"थोरा, काम सुरू करण्याआधी एक गोष्ट. मधल्या दिवसांत बोलवायचं असेल तर आदल्या दिवशी सांगायचं. पहाटे फोन करून नाही. आणि आम्ही नाही म्हटलं तर का ते विचारायचं."

"बोटी मला आदल्या दिवशी सांगून येत नाहीत."

"मग बोटींशी भांड. आमच्याशी नको."

"खेकडे मरतील, आत चला."

"तू हो म्हण, चलतो."

मी तिथं थंडीत उभी राहून बरीच बडबड केली. त्यांनी ऐकून घेतली, कुणी हललं नाही. शेवटी म्हटलं, "हो, बाई, हो!" आणि आयुष्यात पहिल्यांदा 'हो' म्हणून मी हरले. तिनं मला थोरा म्हटलं, हे मात्र माझ्या लक्षात राहिलं.

ख्रिसमसला ये. कॉड करतेय. या वेळी खोटे विनोद नकोत, खरंच बोलायचं.

थोरा


एव्हरेट
१६ मार्च २००३

प्रिय थोरा,

ख्रिसमसला तू मला हवं तेवढं झापलंस आणि जाताना गाडीत खेकडे भरलेस, त्या दोन्हींबद्दल आभार.

आता नवीन. परवा पर्यवेक्षिकेनं आम्हा बसवाल्यांना सांगितलं, जूनमध्ये शाळा बंद, सप्टेंबरात उघडेल, तोवर पगार नाही. मी विचारलं, मग भत्ता? ती म्हणाली, शाळेच्या नोकरांना सुट्टीत भत्ता नसतो, नियम आहे. म्हणजे मी आता तुझ्या बायकांसारखाच हंगामी, आणि त्यांना मिळतं तेही मला नाही. वर ती म्हणते, "तुम्ही विश्रांती घ्या हो, आयनार." मी म्हटलं, "बाई, माझी बँक विश्रांती घेत नाही."

आम्ही काही जणांनी ठरवलंय, हे सोडायचं नाही. बसवाले, शाळेतल्या स्वयंपाकिणी, झाडूवाले. सह्या गोळा करायच्या आणि अर्ज घेऊन राजधानीला धडकायचं. सगळे म्हणतात, होणार नाही, नियम वरचा आहे, तुम्ही कोण? मी म्हटलं, आम्ही तुमची पोरं रोज जिवंत घरी आणून सोडणारे. ऐकायला वेळ काढा.

अर्जाचा कागद सोबत पाठवतोय. तुझी सही हवी. तू मालक आहेस, तुझ्या सहीला वजन आहे. नको असेल तर चार तुकडे करून परत पाठव, पद्धत तुला ठाऊक आहे.

तुझा
आयनार


हॅगन्स लँडिंग
२२ मार्च २००३

प्रिय आयनार,

कागद परत पाठवतेय, अख्खा. याचा पैसा कुणाच्या खिशातून जाईल हे तू कुठंच लिहिलेलं नाहीस, ते मला कळलंय. त्यावर भांडायला मी मे महिन्यात येतेय, खोली तयार ठेव.

कागद टेबलावर ठेवला होता. बोफानं वाचला, हात पुसले आणि पेन मागितलं. मी म्हटलं, "अगं, पत्र मला आलंय, आधी मी करते."

ती म्हणाली, "तू दोन नंबर."

तेव्हा पहिली सही तिची आहे. कागदावर थोडा गर लागलाय, तो खरवडू नकोस. कुणासाठी भांडतोयस ते राजधानीतल्या लोकांना वासावरून तरी कळू दे.

तुझी
थोरा